वाचक विचारतात : शाल कुणाच्या खांद्यावर?

मागच्या अंकात आम्ही एकच प्रश्न टाकला होता : तुमच्या गावातला हिरो कोण आणि का? उत्तरं थोडी आली, उलटे प्रश्नच जास्त आले. त्यातले करून बघता येण्यासारखे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं तातडीच्या वैद्यकीय सेवेतल्या, अग्निशमनातल्या आणि कायद्याच्या जाणकारांनी मिळून दिली आहेत. नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत.

आमचं मंडळ दर अनंत चतुर्दशीला ‘गावभूषण’ देतं. यंदा दोन नावांवरून बैठक मोडली. एक पोरगा पुराच्या ओढ्यात बैल सोडवायला घुसला, त्याला काढायला आणखी दोघं गेले, तिघंही कसेबसे वाचले. व्हिडिओ लई फिरला. दुसरं नाव आमच्या आशाताईंचं. दिवस भरत आलेल्या चार बायांना त्यांनी पाऊस लागायच्या आधीच ओढ्याच्या अलीकडं, नातेवाइकांकडं आणून ठेवलं. पण त्याचा व्हिडिओ नाही. – कार्यकर्ता, औसा तालुका

आमचं मत आशाताईंना. पोराच्या धाडसाला नावं ठेवायची नाहीत, पण हिशेब बघा. बैल दावणीला बांधलेला होता. आभाळ भरून आलं तेव्हाच दावं सोडलं असतं, तर उडीची वेळ आली नसती. वाहतं पाणी अर्धा फूट असलं तरी माणसाचा पाय उचलतं आणि दोन फुटांत चारचाकी तरंगायला लागते. एका बैलासाठी तीन माणसं पाण्यात गेली. तिघं परत आली हे नशीब. नशिबाचा सत्कार केला की पुढच्या पावसाळ्यात आणखी चार पोरं नशीब अजमावायला उतरतात.

नाव ठरवताना समितीनं स्वतःला विचारावं : या माणसानं धोका कमी केला की वाढवला? त्यानं केलं ते उद्या दुसऱ्या कुणाला शिकून करता येईल का? कॅमेरा नसता तरी केलं असतं का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर गावाला बहुधा ठाऊक असतं, बैठकीत कुणी बोलत नाही एवढंच.

तुमच्याच तालुक्यातल्या किल्लारीचं घ्या. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, चार वाजायला आलेले, गणपती बोळवून गाव नुकतं निजलेलं. माणसं मेली ती मुख्यतः घरांमुळे. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडी भिंती, मातीत रचलेल्या, वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, कित्येक टनांचं ओझं. बाहेरून भिंत एकसंध दिसायची, पण आत दोन वेगळे थर असायचे आणि मध्ये भर. हादऱ्यानं थर एकमेकांपासून सुटले आणि माळवद खाली आलं. बाहेरची मदत पोचेपर्यंत ढिगारे उपसले ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, पहारीनं आणि नुसत्या हातांनी. त्यांची नावं कुठल्या फलकावर नाहीत. त्यांच्यानंतर आमच्या मते मान आहे तो भिंतीत आरपार जोडदगड घालणाऱ्या गवंड्याचा. उभ्या मापात दर दोन फुटांवर आणि आडव्या मापात दर चार फुटांवर भिंतीची पूर्ण रुंदी धरणारा एक लांब दगड, आणि दारा-खिडक्यांच्या वर सगळीकडून फिरलेला सळईचा सलग काँक्रीट पट्टा. एवढ्यानं भिंतीचे थर सुटत नाहीत. मालक म्हणतो, ‘कशाला खर्च?’ तरी पट्टा घातल्याशिवाय पुढचा थर न रचणारा गवंडी तुमच्या गावात असेल, तर पुढच्या वर्षी त्याचं नाव घ्या.

पगार घेऊन काम करणारा माणूस वीर कसा? ते तर त्याचं कामच. – निवृत्त कारकून, भोकरदन

तुमच्याच तालुक्याचं उदाहरण देतो. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे देहेडचे. 1976 मध्ये ते रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली माणसं, विशेषतः पोरं, तिथं घाम फुटून, धाप लागून, फुप्फुसांत पाणी भरून मरत. त्यांनी अशा रुग्णांच्या उशाशी बसून रक्तदाब, नाडी, श्वास यांच्या बारीक नोंदी ठेवल्या. विष रक्तवाहिन्या आवळतं आणि हृदयावर भार टाकतं हे त्यातून उमगलं. मग रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध त्यांनी वापरून पाहिलं. चाळीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण एक टक्क्यापर्यंत आलं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं त्यांचं काम छापलं, 2022 मध्ये पद्मश्री मिळाली.

पगार तर होताच. नोंदी ठेवायला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. नेमून दिलेलं काम जिथं संपतं, तिथून पुढे तो माणूस काय करतो ते बघा. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. वर्तमानपत्रांत फोटो आले ते स्वागताचे. व्हॉल्व्हवर बसलेल्या आणि वाघिणी धुणाऱ्या माणसांचे फोटो कुणी काढले असतील असं वाटत नाही.

आमच्या शिवारात विहिरीतल्या मोटारीचा फुटबॉल (पाण्यातली झडप, फूट व्हॉल्व्ह) काढायला एक जण उतरला, आत चक्कर येऊन पडला. भाऊ मागं उतरला, तोही पडला. तिसऱ्याला लोकांनी धरून ठेवलं म्हणून वाचला. नंतर सगळे म्हणाले, धरणारे भ्याड. खरं काय? – शेतकरी, गेवराई तालुका

धरून ठेवणाऱ्यांनी तिसरा जीव वाचवला. या उत्तराला जागा जास्त देतोय, कारण एकामागोमाग एक माणसं मरण्याचा हा प्रकार नेहमीचा आहे आणि त्यात मागून उतरणारा बहुधा घरचाच असतो.

विहिरीत, आडात, शोषखड्ड्यात, गोबरगॅसच्या टाकीत माणूस कशानं पडतो? हवेत प्राणवायू साधारण एकवीस टक्के असतो. कुजलेला पाला, गाळ, साचलेलं पाणी प्राणवायू खातं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. हा वायू हवेपेक्षा जड, तळाशी बसतो. डिझेल इंजिन विहिरीच्या आत पायरीवर ठेवून चालवलं असेल तर त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड भरतो. त्याला वास नाही, रंग नाही. शौचालयाच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. सुरुवातीला त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणजे गॅस गेला असं वाटतं. उतरणाऱ्याला ‘गुदमरतंय’ असं कळायला सवड मिळत नाही. काही श्वासांत पाय लटपटतात, हातातली शिडी सुटते. तोंडाला ओलं फडकं बांधून काही होत नाही. फडक्यानं धूळ अडते, वायू अडत नाही.

कंदील सोडून बघायची जुनी रीत अर्धीच खरी. ज्योत विझली तर प्राणवायू कमी आहे, अजिबात उतरू नका. ज्योत जळत राहिली म्हणून हवा चांगली असं मात्र नाही, कारण कार्बन मोनॉक्साइडनं ज्योत विझत नाही. शौचालयाची किंवा गोबरगॅसची टाकी असेल तर ज्योत जवळही नेऊ नका, मिथेन पेटतो.

माणूस आत पडला तर कुणीही उतरायचं नाही, हे पहिलं. एकानं 112 किंवा 101 ला फोन लावायचा, ‘माणूस विहिरीत बेशुद्ध आहे, गॅसची शंका आहे’ हे शब्द वापरायचे, म्हणजे येणारी गाडी श्वसनयंत्र घेऊन येते. दुसऱ्यानं 108 ला. आतला शुद्धीवर असेल तर सरफाशाची गाठ नको. न आवळणारा मोठा फास सोडा, दोन्ही काखांखालून घ्यायला सांगा आणि ओढा. तोवर हवा खेळती करा. विहीर खोदणाऱ्यांचा ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर आसपास असेल तर त्याची नळी तळापर्यंत सोडून हवा मारा. ट्रॅक्टर वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभा करा, नाहीतर त्याचाच धूर आत जाईल. कॉम्प्रेसर नसेल तर दोराला लिंबाच्या डहाळ्यांचा भारा बांधून जोरानं वर-खाली करा. तेवढ्यानं हवा हलते, पण उतरण्याइतकी शुद्ध झाली असं धरून चालू नका. दवाखान्यातला ऑक्सिजनचा सिलिंडर आत सोडू नका. ठिणगी पडली तर सगळंच पेटेल.

बाहेर काढल्यावर श्वास नसेल, किंवा नुसते अधूनमधून आचके येत असतील, तर लगेच छाती दाबायला लागा. उताणं, कठीण जमिनीवर. छातीच्या मधोमध तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ. दोन-सव्वादोन इंच खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. दोन मिनिटांत दाबणारा थकतो आणि खोली कमी होते, म्हणून तेव्हा माणूस बदला.

पुढच्या वेळी मोटार काढायच्या आधी एवढं करा : डीपीवरून वीज बंद, इंजिन असेल तर विहिरीबाहेर, आणि उतरणाऱ्याच्या छातीला दोर बांधलेला, त्याचं टोक वर दोन धडधाकट माणसांच्या हातात. त्याला चक्कर आली तर वरच्यांनी न उतरता ओढायचं. अशा कामात पराक्रम दोर बांधणाऱ्याचा. आणि शौचालयाची टाकी असेल तर साधनांशिवाय माणूस उतरवणं 2013 च्या कायद्यानं गुन्हाच आहे. गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला 30 लाखांची भरपाई द्यावी असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितलं आहे.

शेततळ्यात बुडणाऱ्याला पोहता येणाऱ्यानंसुद्धा उडी मारू नये असं म्हणतात. मग बघत बसायचं का? – शिक्षिका, वसमत

बघत बसायचं नाही, फेकायचं. शेततळ्याच्या प्लास्टिकवर शेवाळ धरतं, उताराला पाय टिकत नाही. पट्टीचा पोहणाराही काठापर्यंत येतो आणि घसरून परत जातो. बुडणारा गळ्याला मिठी मारतो ते वेगळंच. वीस लिटरचा रिकामा कॅन, झाकण घट्ट लावून, दोराला बांधून त्याच्यापलीकडे फेका आणि ओढत त्याच्यापर्यंत आणा. असा कॅन माणसाला सहज तरंगत ठेवतो. कॅन नसेल तर लांब बांबू द्या, दोन साड्या एकमेकींना गाठून टाका. देताना स्वतः आडवं पडा, उभं राहून ओढाल तर आत जाल.

बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, पोट दाबणं, खांद्यावर घेऊन गरागरा फिरवणं सगळं बंद. त्यात मिनिटं जातात आणि पोटातलं पाणी फुप्फुसात शिरतं. बुडालेल्याला आधी तोंडानं दोन श्वास द्या, मग तीस वेळा छाती दाबा, पुन्हा दोन श्वास, असं चालू ठेवा.

तळ्याच्या चारही बाजूंना काठावरच्या खुंटाला गाठी मारलेला दोर बांधून पाण्यात सोडून ठेवा, टोकाला जुना टायर. शाळेच्या सहलीला जाताना तळं दिसलं तर आधी हा दोर शोधा. नसेल तर पोरांना तिथं नेऊ नका.

महामार्गावर माझा ढाबा आहे. महिन्याला दोन-तीन अपघात समोरच होतात. उचलून नेलं तर पोलीस ठाण्याच्या चकरा, कोर्टाच्या तारखा. म्हणून पोरं पुढं होत नाहीत. – ढाबाचालक, मांजरसुंब्याजवळ

ती भीती जुनी आहे, कायदा बदलला आहे. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मार्च 2016 चा. 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात 134-अ हे कलम आलं. मदत करणाऱ्यानं नाव, पत्ता, फोन द्यायची सक्ती नाही. दवाखाना त्याला थांबवून ठेवू शकत नाही, पैसे मागू शकत नाही. रुग्ण पुढे दगावला तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही ते त्यानं ठरवायचं. व्हायचं ठरवलं तरी जबाब त्याच्या सोयीच्या ठिकाणी आणि वेळी घ्यायचा असतो. एवढं एका पुठ्ठ्यावर छापून गल्ल्यामागं लावा.

अपघातानंतरच्या पहिल्या तासात गंभीर जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्यासाठी केंद्राची ‘राह-वीर’ योजना आहे. 2025 मध्ये बक्षीस 5 हजारांवरून 25 हजार झालं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या योजनेत जखमीला ठरलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख न भरता मिळतात. बक्षिसासाठी कुणी जखमी उचलेल असं आम्हाला वाटत नाही, पण बायकोला समजावायला आकडा बरा पडतो.

आता हातानं काय करायचं. आधी एक पोरगा बॅटरी किंवा लाल कापड घेऊन शंभर पावलं मागं उभा करा, नाहीतर मागून येणारा ट्रक मदतीलाच उडवतो. मग 108. रक्त भळभळत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून तळहातानं जोर देऊन दहा मिनिटं दाबा. मध्ये उचलून बघू नका, थांबलेलं पुन्हा सुरू होतं. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. काच किंवा सळई रुतली असेल तर उपटू नका, भोवतीनं दाबा.

दोन हात, दोन पाय धरून झोळीसारखं उचलणं सगळ्यात वाईट. मणका मोडला असेल तर मज्जारज्जू तिथंच तुटतो आणि माणूस जन्मभर खाटेवर. गाडी पेटली असेल किंवा माणूस वाहत्या रस्त्यात असेल तरच ओढा. एरवी चौघांनी, डोकं-मान एका रेषेत धरून, एकाच्या हुकमानं, फळीवर. बेशुद्ध असून श्वास चालू असेल आणि उलटी येत असेल तर त्याच पद्धतीनं कुशीवर वळवा. पाणी, चहा पाजू नका, तो श्वासनलिकेत जातो. कांदा फोडून नाकाला लावणं, चप्पल हुंगवणं यात वेळ जातो, दुसरं काही नाही.

पैठणच्या वाळवंटात तापल्या वाळूवर रडणारं पोर नाथांनी कडेवर घेतलं असं सांगतात. कुणाचं, कुठलं हे त्यांनी नंतर विचारलं. तुमच्या पोरांना एवढीच गोष्ट सांगा.

आमच्या गावचा सर्पमित्र नाग गळ्यात घालून फोटो काढतो, हजारो लोक त्याला हिरो म्हणतात. आम्ही ऊसतोडीला जाणारी माणसं, कोपीत खाली झोपतो. आमच्यासाठी हिरो कोण? – ऊसतोड कामगार, धारूर तालुका

साप गळ्यात घालणारा नक्कीच नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यानं साप पाळणं आणि त्याचे खेळ करणं गुन्हा आहे. खरा सर्पमित्र लोकांना मागं सारतो, साप बरणीत घेतो, वन खात्याला कळवतो आणि निघून जातो. वन खात्याचा क्रमांक 1926.

तुमच्यासाठी जीव वाचवणारी वस्तू म्हणजे खाट, आणि खाट नसेल तर मच्छरदाणी, कडा अंथरुणाखाली खोचलेली. मण्यार रात्री फिरतो, निजलेल्याला चावतो, दंश दुखत नाही, दातांच्या खुणाही अनेकदा दिसत नाहीत. पहाटे पोट दुखतं, पापण्या उघडत नाहीत, बोलणं जड होतं. टोळीत कुणाला सकाळी असं झालं तर ‘रात्रीचं बाधलं’ म्हणून ओवा देत बसू नका. तो मण्यार धरून चाला.

दंश झाला की अंगठी, जोडवी, बांगड्या, करगोटा काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. दंशाचा हात-पाय मोडलेल्या हाडाला करतो तसा फळकुटाला सैल बांधा, हलू देऊ नका. आवळून दोरी बांधू नका, रक्त तुटून पाय काढायची वेळ येते. ब्लेडनं चिरू नका. घोणस, फुरसे यांच्या विषानं रक्त गोठत नाही, चिरलेली जागा वाहतच राहते. चालवू नका. मोटारसायकलवर न्यायचं तर रुग्ण मध्ये, मागं एक जण धरून. वेळ लिहून ठेवा, साप मारून आणायची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर लस एकच आहे. पहिला डोस साधारण दहा कुप्यांचा असतो, आणि लेकराला मोठ्या माणसाइतकाच, कारण साप लहान-मोठं बघून विष कमी सोडत नाही. इथं आईबाप बिचकतात, डॉक्टरांशी भांडतात. भांडू नका.

आता उत्तर. टोळी उतरली की पहिल्याच दिवशी जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस आहे, रात्री तिथं कोण असतं हे जाऊन विचारणारा आणि त्या वाटेवरच्या जीपवाल्याचा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये घालणारा मुकादम भेटला तर तो तुमचा हिरो. उचल देतो म्हणून मुकादमाला मान आहेच, हेही त्याच्याकडून मागून घ्या.

मी अकरावीत आहे. मैत्रिणीचं लग्न ठरलंय, ती सोळाची. घरचे कोयत्यावर (ऊसतोडीला) जाणार आहेत म्हणून घाई. मला काहीतरी करायचंय, पण गावात कळलं तर माझं शिक्षण बंद होईल. – विद्यार्थिनी, परभणी जिल्हा

तू समोर जाऊन कुणाशी बोलायचं नाहीस. 1098 ला फोन कर, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, तुझं नाव सांगावं लागत नाही आणि सांगितलंस तरी गुप्त ठेवतात. फोनवर या गोष्टी तयार ठेव : मुलीचं आणि वडिलांचं नाव, गाव, तालुका, शाळेचं नाव (निर्गम उताऱ्यावरून वय सिद्ध होतं), लग्नाची तारीख, वेळ, जागा, मुलाचं गाव. पत्रिका छापली असेल तर तिच्यावर सगळं असतं.

फोन लग्नाच्या दिवशी करू नकोस. तेव्हा लग्न दुसऱ्या गावाला, शेतात, रात्रीत उरकतात. आणि ‘फक्त साखरपुडा आहे’ यावर विश्वास ठेवू नकोस. साखरपुड्यातच अक्षता टाकायची पद्धत आपल्याकडं चांगली रुळलेली आहे. आठ-दहा दिवस आधी कळलं तर न्यायदंडाधिकाऱ्याकडून मनाई हुकूम घेता येतो, आणि तो मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्दबातल ठरतं. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. लग्न लावणाऱ्याला, ठरवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

एकदा थांबवलेलं लग्न महिन्याभरात गुपचूप लागतं, हे नेहमी होतं. आईबाप हमीपत्र लिहून देतात आणि पोरीला मामाकडे पाठवतात. म्हणून पंधरा दिवसांनी ती शाळेत येते का ते बघ, नाही आली तर पुन्हा 1098. घरच्यांची खरी अडचण अशी असते की हंगामात पोरीला कुणाकडे ठेवायचं. त्यावर शाळेतल्या बाईंना हंगामी वसतिगृहाबद्दल विचार. बाई घरी जाऊन तेवढंच बोलल्या तरी लग्नाची घाई पुष्कळदा ओसरते. तुझं नाव कुठेच यायला नको, आणि आलं नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस.

साहेबांच्या वाढदिवसाला आम्ही एका दिवशी 500 बाटल्या रक्त काढलं. याहून मोठं काम कोणतं? – कार्यकर्ता, नांदेड

वर्षभर महिन्याला चाळीस बाटल्या काढणं. लाल पेशी फार तर 35 ते 42 दिवस टिकतात, प्लेटलेट पाचच दिवस. एका दिवशी पाचशे आल्या की काही मुदत संपून जातात, आणि मे महिन्यात, कॉलेजं बंद असताना, थॅलेसेमियाचं, वरचेवर रक्त द्यावं लागणारं लेकरू घेऊन बाप रक्तपेढीच्या दारात उभा असतो. यादी करा, रक्तगटासह. पुरुषाला 90 दिवसांनी, बाईला 120 दिवसांनी पुन्हा देता येतं, वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन साडेबारा. साहेबांचा फोटो हवा तर बाराही महिने लावा.

ग्रामपंचायतीत अशा कामासाठी थोडे पैसे आहेत. काय घ्यावं? – सरपंच, कळंब तालुका

बारा मिलिमीटरचा नायलॉन दोर, शंभर फुटांचे दोन. गावातली सगळ्यात खोल विहीर आधी मोजा आणि दोर तिच्यापेक्षा वीस फूट जास्त घ्या. झाकणाचे दोन रिकामे कॅन. चार बॅटऱ्या, सेलसह, सेल दर सहा महिन्यांनी बदलून. घडीचं स्ट्रेचर एक. दोन-अडीच फुटांची बांबूची फळकुटं सहा, सुती पट्ट्या वीस, हातमोजे एक खोकं. एक सुकी लाकडी काठी, रबरी बूट दोन जोड. पण ती फक्त घरच्या विजेच्या झटक्यासाठी, मोठी तार तुटून पडली असेल तर दहा मीटरच्या आत कुणी जायचं नाही आणि महावितरणला 1912 वर फोन. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात मात्र करंट राहत नाही, त्याला लगेच हात लावा आणि श्वास नसेल तर छाती दाबा.

दोराची परीक्षा वर्षातून एकदा, पोळ्याच्या आधी : पन्नास किलोची दोन पोती बांधून विहिरीच्या रहाटावरून अर्धा तास लोंबकळत ठेवा. उन्हात पडलेला दोर वरून चांगला दिसतो आणि आतून कुजतो. कुणी त्यानं ट्रॅक्टर ओढला असेल तर तो दोर बाद.

पेटी कार्यालयाच्या आत ठेवू नका, रात्री तिथं कुणी नसतं. मारुतीच्या पारावर, पत्र्याच्या आडोशाला ठेवा आणि कुलूप लावू नका. दोर चोरीला जाईल म्हणून सदस्य कुरकुर करतील. गेला तर नवीन घ्या.